कंपनी सांगते २१, मीटर सांगतो ११: कोथरूडच्या एका छोट्या पेट्रोल गाडीची तपासणी

गाडी २०१९ ची, बीएस-४, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मॅन्युअल. रिकाम्या गाडीचं वजन ८७५ किलो. तपासणीच्या वेळी काटा ५८ हजार किलोमीटरवर. कंपनीचा जाहीर आकडा लिटरला २१.५ किलोमीटर. मालकांचं म्हणणं असं की पहिली काही वर्षं ती १४-१५ देत होती, आता ११ च्या पुढे जात नाही. त्यातच मेव्हण्यांकडे हेच मॉडेल. ते पुण्याहून मुंबईला जातात आणि दर भेटीत सांगतात, "दाजी, आमची वीस देते. तुमच्या गाडीत काहीतरी झोल आहे."

झोल होता. पण तो शोधण्याआधी खर्च होऊन गेला होता. गाडी तपासणीला येण्यापूर्वी गॅरेजवाल्यानं चारही स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर क्लीनिंग केलं आणि वर "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, तो पण टाकून घ्या" असा सल्ला दिला. मालकांनी मग दुसऱ्या पेट्रोल पंपावर जाऊन महिनाभर महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून पाहिलं. एव्हरेज तसूभर हललं नाही. हलण्याचं कारणच नव्हतं. इंजेक्शनच्या गाडीत एअर फिल्टर थोडा तुंबला तर पिकअप कमी होतो, एव्हरेजवर जवळपास काही परिणाम होत नाही. आत हवा कमी आली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या मानानं पेट्रोलही कमीच सोडतो. फिल्टर बदलून एव्हरेज वाढायचं ते कार्ब्युरेटरच्या जमान्यात. तीच गोष्ट ऑक्टेनची. ९१ ऑक्टेनवर बेतलेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल पाजून त्याला करण्यासारखं काही उरत नाही.

आधी मोजमाप

मालकांच्या वहीत आकडे भरपूर होते, पण सगळे डॅशबोर्डच्या डिस्प्लेवरून उतरवलेले. तो आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला असतो आणि बहुतेक गाड्यांत तो थोडा खुशामती असतो. या गाडीत डिस्प्ले ११.४ दाखवत होता तेव्हा पंपावरच्या हिशोबानं १०.७ येत होतं.

पंपावरचा हिशोबही नीट केला तरच खरा. टाकी फुल म्हणजे नोझलचा पहिला ऑटो-कट, तिथेच थांबायचं. "राउंड फिगर करतो" म्हणून पंपावरचा पोरगा आणखी थोडं ढकलतो, त्यानं दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे मोजमाप: दहा लिटरच्या भरण्यात अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक पडला की एव्हरेज ५ ते ७ टक्क्यांनी इकडचं तिकडे. दुसरं म्हणजे टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा, कॅनिस्टर. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल त्यात शिरलं की तो निकामी होतो आणि मग खरोखरच एव्हरेज पडायला सुरुवात होते. म्हणून एकच पंप, एकच नोझल, पहिला कट, आणि एका टाकीवर निकाल नाही. बेरीज किमान तीन-चार भरण्यांची.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर ती पाच मिनिटांत फिटते. प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र विभागानं प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. इथे माप बरोबर निघालं. पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं हा समजही इथेच बाजूला ठेवावा. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं हे खरं, पण जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं बदलतच नाही.

दुसरी अडचण किलोमीटरच्या काट्याची. काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. या गाडीचे १६५/८० आर १४ मापाचे टायर नवे असताना सुमारे ६२० मिमी व्यासाचे असतात. चार मिलिमीटर झिजले की व्यास आठनं कमी, म्हणजे १.३ टक्के. तेवढे फेरे जास्त, तेवढे किलोमीटर फुकटचे. बायपासवर लांब पल्ल्यात जीपीएसशी ताडून पाहिलं तेव्हा काटा साधारण एक टक्का पुढे धावत होता. किरकोळ, पण टक्क्याटक्क्याचा हिशोब करायचा असेल तर हे आधी माहीत हवं.

वापराची फोड

खरा उलगडा इथून सुरू झाला. गाडीच्या संगणकाला जोडून मोबाइलच्या अ‍ॅपवर आकडे दाखवणारा, दीड हजारात मिळणारा ओबीडी स्कॅनर लावून प्रत्येक फेरीचं पेट्रोल वेगळं नोंदवलं. अशा अ‍ॅपचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. महिन्याची बेरीज पंपावरच्या लिटरशी जुळवून त्याचा गुणक दुरुस्त करायचा, मगच फेऱ्यांची तुलना करायची. महिन्याचं चित्र असं निघालं:

ऑफिस: कोथरूड ते हिंजवडी फेज २, चांदणी चौक–बायपास–वाकड मार्गे, जाऊन-येऊन ३५ किमी, महिन्यात १३ दिवस. ४५५ किमी, १०० किमीला ७.९ लिटर.

गल्लीतल्या फेऱ्या: मुलीची शाळा, भाजी, क्लास, कर्वे रस्ता. एका वेळी सरासरी अडीच किलोमीटर. २६० किमी, १०० किमीला १३.५ लिटर.

शनिवार-रविवारच्या बाहेरच्या फेऱ्या: १५० किमी, १०० किमीला ६.४५ लिटर.

एकूण ८६५ किमी, ८०.७ लिटर. म्हणजे १०० किमीला ९.३३ लिटर, आपल्या भाषेत १०.७ चं एव्हरेज.

आकडे १०० किमीला लिटर असे मांडण्यामागे कारण आहे. "किलोमीटर प्रति लिटर" हे माप बेरजेला फसवं. १३.५ लिटर म्हणजे ७.४ चं एव्हरेज, ६.४५ म्हणजे १५.५ चं. या दोन्हींची सरासरी काढून काही कळत नाही. लिटर मात्र सरळ मिळवता येतात आणि कोणत्या दोषानं किती लिटर खाल्ले हे वेगळं काढता येतं. एकदा अशी मांडणी केली की दिसतं: गल्लीतल्या फेऱ्या अंतराच्या ३० टक्के, पण पेट्रोलच्या ४३ टक्के.

आणि पूर्वी १४-१५ का मिळायचे तेही इथेच कळतं. तेव्हा ऑफिस रोजचं होतं. आता आठवड्यातून तीन दिवस, उरलेल्या दिवशी गाडी कोथरूडच्या आत फिरते. लांब फेऱ्या घटल्या, छोट्यांचा वाटा वाढला. गाडीत एकही दोष नसता तरी डिस्प्लेचा आकडा खाली आलाच असता. ही गोष्ट कुठल्याच गॅरेजमध्ये सापडणार नाही, कारण गॅरेजमध्ये गाडी येते, तिचं वेळापत्रक येत नाही.

तरीही अडीच किलोमीटरच्या फेरीला १३.५ लिटर हा आकडा जास्तच होता. थंड इंजिन जास्त पितं हे धरूनसुद्धा अशा गाडीला दहा-साडेदहाच्या आसपास यायला हवं होतं. शोध तिथे घ्यायचा ठरला.

हवा

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय. प्रत्यक्षात थंड टायरमध्ये पुढे २५-२६, मागे २४. पंक्चरवाल्याकडे "तीस मारा" म्हणून भरलेली, तीही चार-पाच किलोमीटर चालून गरम झालेल्या टायरमध्ये, म्हणजे सुरुवातच कमी. पुढच्या दोन महिन्यांत आणखी उतरली. दाब सकाळी, गाडी हलण्याआधी मोजायचा. चारपाचशे रुपयांचा हातातला गेज घरी ठेवला तर पंपावरच्या यंत्राचा भरवसा धरावा लागत नाही.

फक्त हवा ३३ वर आणून एक महिना मोजलं. १०० किमीला ०.२ लिटर वाचलं. मोठं नाही, पण फुकट.

कॅलिपर

पाच किलोमीटर चालवून, शेवटच्या टप्प्यात ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही चाकांच्या डिस्क-ड्रमचं तापमान घेतलं. तीन चाकं ४५ ते ५५ अंशांत, पुढचं डावं ११८. म्हणजे त्या चाकाचा ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नव्हता. जॅक लावून चाक हातानं फिरवलं तर उजवं दोन-तीन फेरे मारून थांबत होतं, डावं अर्ध्या फेऱ्यात. थर्मामीटर नसेल तर ही जॅकची चाचणी पुरते. मालकांच्या लक्षात न येण्याचं कारण असं की एवढ्या घर्षणानं गाडी एका बाजूला ओढत नाही.

कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा ब्रेकचा चिमटा, उघडल्यावर आतल्या बाजूचा पॅड ३ मिमी, बाहेरचा ७ मिमी. ही विषम झीज म्हणजे सरकत्या पिनची सही. पिस्टन आतला पॅड दाबतो, मग त्याच्या प्रतिक्रियेनं संपूर्ण कॅलिपर पिनवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड काम करत नाही, आणि पाय काढल्यावर कॅलिपर मागेही येत नाही. आतला पॅड चाटत राहतो. खालच्या पिनचं रबरी बूट फाटलेलं, दोन पावसाळ्यांचं पाणी आत गेलेलं, पिनवर गंज. कोरडी झालेली ग्रीस काळ्या मेणासारखी घट्ट बसलेली.

काम साधं आहे पण नीट करायला हवं. पिन काढून बारीक पॉलिश पेपरनं गंज साफ करणं, खड्डे पडले असतील तर पिनच बदलणं, भोक ब्रेक क्लीनरनं धुणं, नवं बूट, आणि सिलिकॉन किंवा सिंथेटिक ब्रेक ग्रीस. चाकाच्या बेअरिंगची पिवळी ग्रीस इथे अजिबात नको, तिनं रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते. नेमकं हेच बऱ्याच गॅरेजमध्ये होतं, कारण तो डबा हाताशी असतो. दोन्ही बाजूंचे पॅड जोडीनं बदलले. उजव्या बाजूच्या पिनही काढून पुन्हा बसवल्या. मागच्या ड्रमचं आणि हँडब्रेकचं ॲडजस्टमेंट पाहिलं, ते ठीक होतं.

फरक १०० किमीला ०.४५ लिटर. हा आकडा हिशोबाशीही जुळतो: साधारण ३० न्यूटनचा सततचा अडथळा १०० किलोमीटर ओढायला ३ मेगाज्यूल लागतात, इंजिनाची कार्यक्षमता २०-२२ टक्के धरली आणि आताच्या पेट्रोलची उष्णता लिटरला ३० मेगाज्यूल, की उत्तर तेवढंच येतं.

थर्मोस्टॅट

सगळ्यात मोठा चोर हा, आणि तो कुणी पाहिलाच नव्हता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

सकाळी थंड इंजिन सुरू करून स्कॅनरवर कूलंटचं तापमान पाहत गाडी नेहमीच्या शाळेच्या रस्त्यानं चालवली. पुण्याच्या हवेत या आकाराचं इंजिन पाच ते सात मिनिटांत ८० अंशांवर यायला हवं. इथे पंधरा मिनिटांनी ५८. पुढे बायपासवर ८० च्या वेगानं गेल्यावर ते वाढण्याऐवजी किंचित उतरलं, आणि वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर कुठे ७५ च्या वर गेलं. चालत्या गाडीत थंड, उभ्या गाडीत गरम: थर्मोस्टॅट उघडाच अडकल्याची ही ओळख. स्कॅनरशिवायही कळतं. इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांनी रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावायचा. थर्मोस्टॅट धड असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. इथे तो पहिल्यापासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत होता.

डॅशबोर्डनं कल्पना का दिली नाही? या गाडीत तापमानाचा काटाच नाही. थंड इंजिनाला निळा दिवा, जास्त तापलं तर लाल. निळा दिवा साठच्या आत विझतो. त्यानंतर इंजिन ६२ वर आहे की ९० वर, चालकाला कळायला मार्ग नाही. चेक इंजिनचा दिवाही लागला नव्हता.

थंड इंजिन पेट्रोल का खातं याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकाच वेळी लागू पडतात. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलचा काही भाग वाफ न होता भिंतींना चिकटतो, म्हणून ईसीयू मुद्दाम मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतो. आयडलिंगचे आरपीएम चढे ठेवतो. आणि ऑइल घट्ट असल्यामुळे इंजिनाचं स्वतःचंच घर्षण जास्त. नेहमीच्या गाडीत हे पहिल्या तीन-चार किलोमीटरपुरतं असतं. या गाडीत अडीच किलोमीटरच्या फेरीत ते संपतच नव्हतं, आणि ऑफिसच्या फेरीतही अर्ध्या वाटेपर्यंत टिकत होतं. त्यात निघताच पौड रस्त्यानं चांदणी चौकाचा चढ, म्हणजे सगळ्यात जास्त जोर लावायचा तो सगळ्यात थंड इंजिनाला.

काढलेला थर्मोस्टॅट टेबलावर ठेवल्या ठेवल्या दिसत होता: झडप आणि बैठक यांच्यात तीन मिलिमीटरची फट, कडेला तांबूस गाळाचा थर. असा भाग तपासायला पातेल्यात पाणी, दोरीला टांगलेला थर्मोस्टॅट आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर एवढं पुरतं. ८२ अंशांचा असेल तर त्या आसपास हलायला लागायला हवा, ९५ ला पूर्ण उघडायला हवा, आणि पाणी निवल्यावर घट्ट मिटायला हवा. शेवटचीच गोष्ट होत नव्हती. गाळाचं मूळ कूलंटच्या टाकीत सापडलं. पातळी कमी दिसली की नळाचं पाणी ओतलं जात होतं. कूलंट पातळ झाला, त्यातलं गंजरोधक संपलं, आतून गंज सुटला.

इथे एक इशारा. उन्हाळ्यात गाडी तापली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, "आपल्याकडे गरज नाही, तो थंड देशांसाठी असतो" असं सांगून. तापण्याचं खरं कारण बहुधा बंद पडलेला फॅन, गळणारा पाइप किंवा तुंबलेला रेडिएटर असतं. थर्मोस्टॅट काढला की तक्रार बंद होते आणि एव्हरेज कायमचं पडतं. जुनी गाडी घेताना वरच्या पाइपची परीक्षा म्हणूनच करावी.

नवा थर्मोस्टॅट त्याच अंशांचा, नवं गॅस्केट. जुना कूलंट काढून साध्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा फ्लश, मग तयार मिश्रणाचा कूलंट. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन चालू ठेवून हवा बाहेर काढायची. आत बुडबुडा राहिला तर सेन्सरला खोटं तापमान कळतं आणि नवाच घोळ सुरू होतो. सुटा भाग हजार रुपयांच्या आत-बाहेर, कूलंट आणि मजुरी वेगळी. म्हणजे आधी झालेल्या इंजेक्टर क्लीनिंगच्या खर्चात हे सगळं बसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रस्ता: सहाव्या मिनिटाला ८१. छोट्या फेऱ्यांत १०० किमीला जवळपास अडीच लिटरची बचत, ऑफिसच्या फेरीत ०.४५, हायवेला नावापुरती. तिन्ही प्रकारच्या फेऱ्यांचं वजन लावून बेरीज १.० लिटर.

प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या महिन्यात केली, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळलं नसतं. त्यात ऋतूचा घोटाळा असतो. थर्मोस्टॅट नोव्हेंबरात बदलला तेव्हा एसी जवळपास बंद होता, त्यामुळे तो महिना जरा जास्तच चांगला दिसला. अंतिम आकडे मार्चमधले, एसी पुन्हा सुरू झाल्यानंतरचे आहेत: ऑफिस ६.८, गल्ली १०.३, बाहेर ५.७. त्याच ८६५ किलोमीटरला ६६.३ लिटर. एव्हरेज १३. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला सुमारे १,५०० रुपये.

ऑक्सिजन सेन्सरचं काय

तो बदलला नाही. गॅरेजच्या स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती टक्क्यांतली वाढ-घट) +५ च्या आसपास दिसत होता आणि त्यावरून "मिश्रण पातळ होतंय, सेन्सर गेला" असा निष्कर्ष निघाला होता. पण २०१९ ची ही गाडी फार तर दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ट्यून केलेली आहे आणि टाकीत आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जातं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे नीट ज्वलनासाठी त्याच हवेला ई-१० पेक्षा साधारण चार टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं. ईसीयू नेमकं तेच करत होता. म्हणजे +५ हा आकडा सेन्सर ठणठणीत असल्याचा पुरावा. गरम इंजिनावर तो +१० च्या पुढे गेला किंवा उणे बाजूला घसरला असता तर शोध घ्यायला हवा होता.

याच कारणानं ई-१० च्या तुलनेत सुमारे साडेतीन टक्के उष्णता कमी मिळते. इथेनॉलची उष्णता लिटरला २१ मेगाज्यूल, निव्वळ पेट्रोलची ३२ च्या घरात. १३ च्या एव्हरेजमध्ये तो फटका अर्ध्या किलोमीटरच्या आसपास बसतो. यावर गाडीत करण्यासारखं काही नाही. मात्र "ई-२० मुळे १४ चं १० झालं" असं कुणी म्हणालं तर बाकीचे तीन किलोमीटर दुसरीकडे शोधावेत.

मग २१.५ कुठून येतात, आणि मेव्हण्यांचे वीस?

कंपनी जाहीर करते तो आकडा एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा. तो खोटा नसतो, एका ठरलेल्या परीक्षेचा असतो. गाडी रस्त्यावर नव्हे तर रोलर्सवर चालते. चाचणी १,१८० सेकंदांची, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, सरासरी वेग ३२, कमाल ९०, एसी बंद. कोथरूडमधून मान वर केली की जी संस्था टेकडीवर दिसते तिच्या प्रयोगशाळेत हिंजवडीच्या वाटेवरचा, कोंडीचा भूमकर चौक नसतो.

हिंजवडीच्या फेरीत सकाळी ४० आणि संध्याकाळी ५५ मिनिटं लागतात. सरासरी वेग २२. उभं इंजिन एसीविना तासाला ०.७ लिटर आणि एसीसह १.१ लिटर घेतं असं या गाडीत मोजलं. परतीच्या ५५ मिनिटांत फक्त एसीचे ०.३७ लिटर, म्हणजे दिवसाच्या ३५ किलोमीटरवर पसरले तर १०० किमीला १ लिटर. हायवेवर ९० नं जाताना हाच एसी जेमतेम अर्ध्या लिटरच्या आत बसतो, कारण एसी तासावर पेट्रोल घेतो, किलोमीटरवर नाही. शिवाय साधारण टनभराची गाडी शून्यावरून ४० ला नेली की आठ-नऊ मिलिलिटर गेलं, आणि पुढच्या स्पीडब्रेकरला ते ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपलं.

मेव्हण्यांचा आकडा तर भूगोलाचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. दोन माणसांसह गाडी तेवढी खाली उतरवताना जी ऊर्जा फुकट मिळते तिची पेट्रोलमधली किंमत साधारण ०.७ लिटर. दीडशे किलोमीटरच्या प्रवासाला साडेआठ लिटर लागत असतील तर हा फरक डोळ्यांत भरतो. सगळाच हाती लागत नाही, घाटात ब्रेकमध्ये बराच जातो. पण मुंबईला पोहोचल्यावर डिस्प्लेवर वीस आणि परत आल्यावर सोळा-सतरा दिसणं अगदी रास्त आहे. परतीचा आकडा जेवणाच्या टेबलावर कुणी सांगत नाही एवढंच.

घाटाचा विषय निघाला म्हणून: उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये राहून पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला आयडलिंगचं पेट्रोल जातंच, वर इंजिन ब्रेकिंग गेलं. नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या जड वाहनांनी काय केलंय ते पुणेकरांना सांगायला नको.

वेगाचा हिशोब मात्र प्रत्येकानं एकदा करून पाहावा. अशा गाडीला ८० च्या वेगात हवा आणि टायर मिळून साधारण ३०० न्यूटनचा विरोध होतो, १०० ला ४०० च्या आसपास. एक्स्प्रेसवेवर मुभा १०० ची आहे, पण ८०-८५ नं गेलात तर लोणावळ्यापर्यंत दहाएक मिनिटांचाच फरक.

दुरुस्तीनंतरचा वापर

गाडी सुधारल्यावर छोट्या फेऱ्यांकडे पाहिलं. शाळा सोडून येताना भाजी, म्हणजे दोन थंड सुरुवातींची एक. आठवड्यातून दोन संध्याकाळचा क्लास चालत. २६० किलोमीटरचे १८० झाले. महिन्याचं पेट्रोल ६६.३ वरून ५८ लिटरवर आलं. गंमत म्हणजे एव्हरेज फक्त १३ चं १३.५ झालं. सव्वाआठ लिटर वाचूनही आकडा जेमतेम हलतो, कारण न केलेल्या फेरीचं पेट्रोल एव्हरेजमध्ये मोजलंच जात नाही. पेट्रोलचा खर्च कमी करायचा असेल तर वहीत महिन्याचे लिटर लिहावेत.

सिग्नलला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ असेल तर इंजिन बंद करण्याची सवयही लावली, पण त्याचा वेगळा आकडा काढण्याइतका फरक या मार्गावर दिसला नाही. बायपासवर सिग्नल नाहीत आणि भूमकर चौकात गाडी पूर्ण थांबतच नाही, रांगते.

पुढची देखभाल: हवा दर पंधरा दिवसांनी, थंड टायरमध्ये. कॅलिपरच्या पिन दर पावसाळ्यानंतर. कूलंटची पातळी घसरली तर आधी गळती शोधायची आणि भरायचं ते त्याच जातीचं तयार मिश्रण, नळाचं पाणी नाही. टायर आता बदलायला आले आहेत. नवे बसले की काट्याचे फुकटचे किलोमीटर बंद होतील, त्यात नव्या खोल नक्षीच्या रबराचा रोलिंगचा विरोधही झिजलेल्यापेक्षा थोडा जास्त असतो. पहिल्या महिन्यात एव्हरेज तीन-चार टक्के खाली दिसेल. त्यासाठी गॅरेज गाठायचं नाही.